टिकलीखालची जागा

होटगी, २० जून

अव्वांना दाक्षायणीचा शरणार्थ.

फोन करून कंटाळले म्हणून लिहायला बसले. यांचा फोन वाजतो आणि वाजून वाजून आपोआप गप्प होतो. आपल्या रुपालीचा तर लागतच नाही. माझ्या या नणंदेनं मला ब्लॉक केलंय हे कळायला मला आठवडा लागला, एवढी मी हुशार. पण तुमच्या हातात कागद पडला की तुम्ही चष्मा लावून, ओठ हलवत, तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचता. लाइटबिलसुद्धा तुम्ही तसंच वाचता. म्हणून पत्र.

"चार दिवस बापाकडं जाऊन ये. रुपालीचं ठरलं की बोलवतो," असं तुम्ही मे महिन्यात म्हणालात. तेव्हा मी दोनच साड्या घेऊन आले. आता त्या दोन्ही साड्यांचा मला वीट आलाय. अप्पा काही विचारत नाहीत. रेल्वेत आयुष्यभर पॉइंट्समन होते, गाडी उशिरा आली तर ती का उशिरा आली हे विचारायची त्यांना सवयच नाही.

सगळं बिघडलं ते त्या शेजारच्या बारशात. बाहेर ऊन मी म्हणत होतं, पंखा पाळण्याकडे वळवलेला, आणि मी बाळाच्या कानात कुर्र करायला वाकले तर माझी टिकली घामानं सुटून दुपट्यावर पडली. ती उचलून देणारी बाई नेमकी रुपालीला बघून गेलेल्या अक्कलकोटच्या पाहुण्यांची मावशी निघावी! तिनं टिकली माझ्या हातावर ठेवली, माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि आपली बोटं पदराला पुसली. ते बोटं पुसणं मी विसरू शकत नाही. संध्याकाळपर्यंत अक्कलकोटहून निरोप आला की मुलीच्या घरात कोड आहे असं ऐकतो, खरं काय ते सांगा.

तुमचा राग हा की मी तुम्हाला आधी दाखवलं नाही. बरोबर आहे. पण अव्वा, मी स्वतःलाच दाखवत नव्हते. आधी नुसती खाज यायची. मग मसुरीच्या डाळीएवढं पांढरं दिसलं, तेव्हा मी वाटाण्याएवढी टिकली लावायला लागले. मग ते वाटाण्याएवढं झालं, तेव्हा आठ आण्याएवढी. तुम्ही एकदा कौतुकानं म्हणालात की आता कशी भरल्या घरची सून दिसतीस. मी हसले आणि न्हाणीघरात जाऊन रडले.

आणि रोज सकाळी तुमच्या हातून टिकली लावून घ्यायचं मी बंद केलं, ते का, हेही आता तुम्हाला कळलं असेल. लग्न होऊन आले त्या पहिल्या सकाळी तुम्ही मला समोर बसवलंत, हनुवटी धरलीत, टिकली लावलीत आणि म्हणालात, "माजी हौस आता तुज्या कपाळावर." मामंजींना जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं. तुमच्या कपाळावर विभूतीच्या तीन रेघा, बाकी काही नाही. नऊ वर्षं मी तुमच्यासमोर तशी बसत आले. मग एक दिवस म्हटलं, राहू द्या अव्वा, मीच लावते. तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत.

कोड असेल तर असू दे. ते शिवल्यानं पसरत नाही, एवढं तरी मला माहीत आहे. मी पाहुण्यांसमोर येणार नाही, मागच्या खोलीत बसेन. मला फक्त नीलाजवळ राहू द्या. तिची तिसरी सुरू झाली असेल. तिच्या मानेवर घामोळं येतं, तिला सुगंधी पावडर लावू नका, गार पाण्यानं धुऊन नुसतं कोरडं ठेवा. आणि रुपालीच्या क्रीमला हात लावू देऊ नका, ती गालाला फासून आरशात बघत बसते.

कधी येऊ ते कळवा.

तुमची,
दाक्षायणी


होटगी, २७ जुलै

अव्वा,

आज नमस्कार-बिमस्कार नंतर. आधी बातमी. मला कोड नाही!

अप्पांनी हट्टानं सोलापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. कातडीच्या विभागात ही गर्दी. खाजवणारे, सोललेले, तोंडं झाकलेले, आणि त्यात मी आपली मोठी टिकली लावून राणीसारखी. डॉक्टर म्हणजे कालची पोर वाटली मला. तिनं विचारलं, चेहऱ्याला काय काय लावता? म्हटलं, मॅडम, ओळीनं सांगते. रविवारी सासूबाई ज्वारीच्या पिठात साय कालवून लावतात. उन्हाळ्यात चंदन. नणंदेची गोरं करायची ट्यूब संपली की ती कात्रीनं कापून आतलं निपटून मी लावते, कारण तेवढ्यासाठी फेकवत नाही. लग्नकार्य असलं की पार्लरमधलं ब्लीच. लिंबू, टोमॅटो, कुणी काय सांगेल ते. डोक्याचं तेल ओघळून कपाळावर येतं ते वेगळं. ती लिहीत होती ती थांबून म्हणाली, "आणि टिकली?"

मी म्हटलं, टिकली काय, ती असतेच. लावण्याच्या गोष्टींत मी ती धरलीच नव्हती.

तिनं ती काढायला लावली. दिव्याखाली भिंग धरून बघितलं आणि हसली. म्हणाली, "बाई, हा डाग बघा किती गोल आहे. कोड काय कंपास घेऊन येतं का?" मग तिनं समजावलं. हलक्या टिकल्यांच्या पाठीला जो डिंक असतो, त्यातल्या काहींत एक असं रसायन असतं की ते कातडीचा रंग मारून टाकतं. सगळ्यांनाच होत नाही, एखादीला होतं. घाम, ऊन आणि रात्रंदिवस तीच टिकली चिकटवून ठेवणं, यानं जास्त होतं. मी झोपतानासुद्धा काढत नव्हते. आणि डाग दिसू नये म्हणून मोठी लावली, की डागही तेवढा मोठा व्हायचा. मी झाकत होते तेच मला खात होतं.

आता चिकटवायची टिकली जन्मात नाही. साधा साबण, कोमट पाणी, चेहरा घासायचा नाही, टॉवेलनं नुसता टिपायचा. दिवसा उन्हाचं मलम आणि डोक्यावर पदर, रात्री एक ट्यूब. बाकी ती साय, ते लिंबू, ते ब्लीच, सगळं बंद. कातडीला जितकं कमी लावाल तितकी ती सुखी, असं ती म्हणाली. रंग परत येईलच असं तिनं वचन दिलं नाही. येऊ शकतो, महिने लागतील, थोडा राहूनही जाईल म्हणाली. मला तेवढं पुष्कळ आहे.

मी तिथल्या पायरीवर बसून अप्पांच्या खांद्यावर डोकं टेकून रडले. अप्पा घाबरले, त्यांना वाटलं काहीतरी वाईट निघालं.

अव्वा, आता अक्कलकोटला कळवा की घरात कोड नाही, टिकली बाधली. डॉक्टरणीनं लिहून दिलंय, त्याची झेरॉक्स सोबत आहे. आणि आरशामागची ती पाकिटं टाकून द्या. आपण दर वर्षी संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत, आकाशपाळण्यापलीकडच्या त्या स्टॉलवरून वर्षाची बेगमी आणतो ना, तीच ती. तुम्हाला सुनेचं कपाळ भरलेलं हवं, मलाही हवंय. तुमच्या सासूबाईंची मेणाची डबी माळ्यावर आहे, मेण लावून वर कुंकू लावायच्या त्या. डॉक्टरणीला विचारलं, ती म्हणाली डाग भरेपर्यंत तेही नको, नंतर चांगलं कुंकू बघू. तोवर मी विभूती लावीन. विभूती लावायला आपल्यात कुणाला बंदी आहे?

पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. यांना रविवारी पाठवा.

दाक्षायणी


होटगी, २२ सप्टेंबर

अव्वा,

हे आले. रविवारी नाही, आठ रविवारांनंतर. आणि मला न्यायला नाही, माझे स्वेटर द्यायला.

स्वेटर सप्टेंबरात कुणी आणून देतं का? होटगीत अजून घाम निथळतोय. ती पिशवी बघूनच मी काय ते समजले. चहा घेतला, अप्पांशी टॉवेल कारखान्याच्या पॅकिंगबद्दल बोलले, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून माझ्याशी बोलले. लग्नाच्या नवऱ्यानं बायकोच्या तोंडाकडे न बघता एवढा वेळ बोलावं, ही कला तुमच्या मुलाकडून शिकावी. म्हणाले, "अव्वा म्हणती, सगळं जग टिकल्या लावतंय, हिलाच बरी बाधली." मी कागदाचं विचारलं, तर म्हणाले की डॉक्टर काय, काहीबी लिहून देत्यात. मग उठताना म्हणाले, "रुपालीचं होऊ दे. मग बघू." मी विचारलं, माझी नीला कशी आहे? म्हणाले, मजेत हाय.

मजेत कशी असेल हो?

या गावात उघड्या कपाळानं राहणं म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही ते दहा वर्षांहून जास्त सोसताय. फक्त मला ते आधी कळलं नव्हतं. विहिरीवर बायका कुजबुजतात. एक बाई तर डोळे पुसतच दारात आली, आणि नवरा जिवंत आहे कळल्यावर जरा नाराजच होऊन गेली. अप्पांना स्टेशनवर कुणीतरी विचारलं, जावई कशानं गेले? अप्पा त्या दिवशी जेवले नाहीत.

पण हे पत्र त्यासाठी नाही. काल नीलाचा फोन आला. रुपाली न्हायला गेली होती, तेवढ्यात पोरीनं तिचा फोन घेऊन पाठ असलेला माझा नंबर लावला. इतकी हळू बोलत होती की मला आधी कळेचना कोण आहे. शाळेचं सांगितलं, डब्याचं सांगितलं. मग म्हणाली, "आई, आज्जी मला रोज टिकली लावती की. हनुवटी धरून. तुज्यासारकी मोठी." मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, "लई दिवस झाले. आज्जी म्हणती, तुजी आई माज्याकडनं लावून घेत न्हाय, तू तरी घे."

म्हणजे मी तुमच्यासमोर बसायचं बंद केलं, त्या दिवसापासून माझ्या जागी नीला बसायला लागली. माझ्या डोळ्यांदेखत बसत असणार. मी माझाच आरसा सांभाळत राहिले आणि माझं लक्ष गेलं नाही.

अव्वा, मी तुमच्या पाया पडते, तिला ती लावू नका. तिची कातडी माझ्यासारखी आहे. साधी पावडर तिला सोसत नाही, मोजे घातले तर घोट्यावर लाल कडं उठतं, तुम्हीच तिला खोबरेल चोळता. तुमचं प्रेम मला माहीत आहे. ते दुसऱ्या कशानं करा. गजरा माळा, बांगड्या भरा, पायात पैंजण घाला, ती घर डोक्यावर घेईल. कपाळाला मात्र नको.

एक गोष्ट सांगू का? तुम्हाला राग येईल, येऊ दे. आपल्या घरात सगळ्यांत निरोगी कपाळ कुणाचं आहे? रुपालीचं ट्यूबनं पुटकुळ्यांनी भरलेलं, माझं हे असं. तुमचं बघा, सत्तरीला आलात, एक डाग नाही, एक पुटकुळी नाही. मामंजी गेले त्या दिवसापासून तुमच्या कपाळाला विभूतीशिवाय कुणी काही लागू दिलं नाही. ज्याला लोक अपशकुन म्हणाले त्यानंच ते जपलं. मी हे टोचायला लिहीत नाही. अप्पांच्या दारात बसून मला दुसरा विचारच सुचत नाही.

मला नेऊ नका वाटलं तर. पण एवढं ऐका.

दाक्षायणी


होटगी, ३ डिसेंबर

अव्वा,

साखरपुडा झाल्याचं कळलं. फोटो अप्पांच्या मोबाइलवर कुणाकडून तरी फिरत फिरत आले. रुपाली गोड दिसते, तिला माझा आशीर्वाद सांगा. सांगायचा नसेल तर राहू दे.

अक्कलकोटच्या पाहुण्यांना तुम्ही सांगितलंत म्हणे, की सुनेचे वडील अंथरुणाला खिळलेत, ती त्यांची सेवा करायला गेली आहे. अप्पा हे ऐकून सायकल काढून उगाचच बाजारापर्यंत जाऊन आले, लोकांना दिसायला.

मी ते फोटो बोटांनी मोठे करून करून बघितले. नीला तुमच्या मांडीला टेकून उभी आहे. पिवळा परकर. कपाळावर टिकली, माझीच शेवटची होती तेवढी. फोटो मोठा केला की नुसते चौकोन दिसतात, टिकलीच्या कडेला काय आहे ते दिसत नाही. मी तरी बघत राहिले.

माझं सांगायचं तर डागात रंग यायला लागलाय. मधोमध बारीक बारीक तपकिरी ठिपके, तीळ सांडल्यासारखे. डॉक्टरणीला दाखवलं तर ती खूश झाली, म्हणाली, अशानंच भरत येतं. सहा महिन्यांपूर्वी हे झालं असतं तर मी गावभर पेढे वाटले असते. आता आरसा बघते आणि वाटतं, कुणासाठी भरतंय हे?

तुमचं एक अक्षर नाही. तुम्ही पत्रं वाचता की बंबात घालता, तेही मला माहीत नाही.

दाक्षायणी


होटगी, १९ जानेवारी

अव्वा,

परवा जे झालं ते तुम्ही पाहिलंत. पण सगळं नाही पाहिलंत, म्हणून लिहिते. यानंतर लिहिणार नाही.

गड्ड्याला तुम्ही येणार आणि नीलाला आणणार, हे मला ठाऊक होतं. तुमचा तो स्टॉलही ठाऊक होता. अप्पांना न सांगता बसनं आले आणि दुपारपासून बांगड्यांच्या दुकानाआड उभी राहिले. चोरासारखी, स्वतःच्याच मुलीला बघायला. तुम्ही आलात, पाकिटं उलटीपालटी करून बघायला लागलात. नीला मागं उभी होती. किती वाढली हो ती. फ्रॉक गुडघ्याच्या वर गेलाय, कुणी खाली सोडला नाही.

मी हाक मारली. ती आधी तुमच्याकडे बघून मग माझ्याकडे आली, हे मी पाहिलं. मला मिठी मारली तेव्हा तिच्या केसांना आपल्या घरचा वास होता. मी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. देवाला जाऊन आलात म्हणून कपाळावर विभूतीच्या रेघा होत्या, मध्ये मोठी टिकली, आणि टिकलीच्या खालच्या कडेला पांढरं. मला वाटलं विभूती फिसकटली आहे. मी पदराचं टोक जिभेनं ओलं करून पुसायला लागले. वरच्या रेघा गेल्या. ते पांढरं गेलं नाही. पुन्हा पुसलं. तेव्हा तिनं माझा हात धरला.

"पुसू नको आई. ती विभूती न्हाय. आज्जीनं कुणाला दाखवू नको म्हटलंय."

आठ वर्षांच्या पोरीनं हे कसं सांगावं? माझ्यासारखंच, हळू, इकडंतिकडं बघत.

मग तुम्ही आलात. मी मनात किती भांडण साठवून ठेवलं होतं. पण तुम्ही मला बघितलंत आणि तुमचे डोळेच भरले. "लई वाळलीस की गं," म्हणालात. भांडण तिथंच अर्धं सरलं. मी विचारलं, माझी पत्रं पोचली का? तुम्ही म्हणालात, "पोचली. समदी वाचली." मग मी म्हटलं, वाचून काय केलंत, हे? आणि नीलाच्या कपाळाकडे बोट केलं.

तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "तुजंच रगत पोरीत उतरलंय, दाक्षा. टिकलीला बोल लावून कुटं सुटका हाय? झाकली म्हणून रुपालीचं ठरलं. आता हिचंबी झाकूनच निभवायचं."

तुम्ही खोटं बोलत नव्हता, तुम्हाला खरंच तसं वाटतं. दुष्ट असता तर सोपं होतं. मी पोलिसात गेले असते, चार माणसं बोलावली असती. तुम्ही तर तिला वाचवताय, जसं तुम्हाला वाचवता येतं तसं.

आणि मग तुमची नजर माझ्या कपाळावर गेली. तिळातिळानं भरत आलेलं ते कपाळ तुम्हाला दिसलं नाही. तुम्हाला दिसलं ते उघडं कपाळ. "सवाष्ण बाई अशी फिरती व्हय जत्रंत? माजा ल्योक जित्ता हाय," म्हणालात. हातातलं नवं पाकीट फोडलंत, माझी हनुवटी धरलीत, पहिल्या सकाळी धरली होती तशीच, आणि टिकली लावलीत. त्याच दमात म्हणालात, "जा, पोरीसंगं पाळण्यात बसून ये. मी हितं थांबते."

मी टिकली काढली नाही. काढली असती तर पाळणा मिळाला नसता. एवढाच हिशेब माझ्या डोक्यात आला.

वर गेल्यावर नीला माझ्या कुशीत शिरली. खाली सगळी दुकानं, तळं, माणसं. तिनं माझ्या कपाळावरची टिकली नखानं जरा उचलून आत डोकावून बघितलं आणि म्हणाली, "आई, तुजा डाग चाललाय की." मी म्हटलं, होय. "कसा?" टिकली न लावता, म्हटलं. तिनं स्वतःच डोळे मिटून कपाळ माझ्यापुढं केलं. मी तिची टिकली काढली. खाली वाटाण्याएवढं पांढरं, कंपासनं काढावं तसं गोल. अव्वा, मी त्या जागेवर ओठ टेकवले. गार वारा होता वर, त्या कातडीला किती महिन्यांनी वारा लागला असेल.

पाळणा खाली यायला लागला तशी ती चुळबुळायला लागली. तुम्ही दिसलात, हात डोळ्यांवर धरून आम्हाला शोधत होता. नीलाचा चेहरा बदलला. म्हणाली, "लाव आई परत. आज्जी रडती. मग तुला भेटू द्यायची न्हाय." मी म्हटलं, नको बाळा, राहू दे. तर ती रडायला लागली, माझं बोट धरून कपाळाकडे ओढायला लागली. लाव, लाव, पाळणा थांबायच्या आत लाव.

मी लावली. डॉक्टरणीचं ऐकलेली, तुम्हाला एवढी पत्रं लिहिलेली मी. डाग दिसू नये म्हणून मधोमध, नीट दाबून लावली. खाली उतरल्यावर तुम्ही तिचं कपाळ बघितलंत आणि तुम्हाला काही वेगळं दिसलं नाही. तिला हाताला धरून तुम्ही नंदीध्वजाच्या बाजूला निघून गेलात. तिनं मागं वळून बघितलं, दोनदा.

माझी टिकली मी बसस्टँडवरच काढून टाकली, कपाळ बाटलीतल्या पाण्यानं धुतलं. तिची मी माझ्या हातानं लावून आले आहे, अव्वा.

मला बोलावू नका. मला कोड आहे असं अक्कलकोटला सांगा, गावभर सांगा, कुणी विचारलं तर मीही होय म्हणेन. पण आज तिला समोर बसवाल तेव्हा हनुवटी धरा, आणि ती तेवढी काढा.

दाक्षायणी